प्रोसेस जिवंत ठेवण्याची किंमत

सर्व्हरवरची स्क्रिप्ट प्रत्येक विनंतीसाठी नव्याने सुरू करायची, की एकदा उभी करून पुढच्या हजारो विनंत्यांना तीच वापरायची, या प्रश्नावर गेल्या तीस वर्षांत अनेक साधने तयार झाली. त्यांतून निवड कशी करावी याबद्दल दोन टोकांची मते आढळतात. टिकून राहणाऱ्या प्रोसेसचा पुरस्कर्ता आणि तिच्याविषयी साशंक असणारा, अशा दोघांच्या तोंडून ती पुढे मांडली आहेत.

पुरस्कर्ता : सुरुवात सीजीआयपासून करावी लागते, कारण बाकीची साधने त्याच्याच उणिवेतून जन्मली. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या संस्थेत १९९३ साली कॉमन गेटवे इंटरफेस आकाराला आला. विनंती आली की वेब सर्व्हर एक नवी प्रोसेस सुरू करतो. पत्त्यातला प्रश्नचिन्हापुढचा मजकूर आणि ब्राउझरने पाठवलेले हेडर तो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवतो, फॉर्ममधला मजकूर प्रोग्रॅमच्या इनपुटवर सोडतो आणि प्रोग्रॅम जे छापेल ते ब्राउझरकडे धाडतो. उत्तर गेले की प्रोसेस संपते. आता पर्लमधली मध्यम आकाराची एखादी स्क्रिप्ट घ्या. इंटरप्रिटर मेमरीत येतो, स्क्रिप्टची फाइल वाचली जाते, तिला लागणारी वीस-तीस मॉड्यूल डिस्कवर शोधून वाचली जातात, ती सगळी कंपाइल होतात, मग डेटाबेसशी जोडणी होते. त्यात नेटवर्कची देवाणघेवाण आली, पासवर्डची तपासणी आली, बहुधा टीएलएसही आले. एवढे झाल्यावर खरे काम सुरू होते, आणि ते पुष्कळदा एका क्वेरीचे आणि पानभर एचटीएमएलचे असते. पुढच्या विनंतीला हे सर्व पुन्हा पहिल्यापासून. दर पोळीला चूल नव्याने पेटवावी, तसा हा कारभार आहे. प्रोसेस जिवंत ठेवली तर कंपाइल झालेला कोड आणि उघडलेली जोडणी दोन्ही तयार मिळतात, आणि उरतो तो केवळ कामाचा वेळ.

साशंक : या वर्णनात सीजीआयचा खर्च सांगितला, पण त्या खर्चातून काय मिळते ते सांगितले नाही. प्रोसेस संपते तेव्हा तिची मेमरी, उघड्या राहिलेल्या फाइली, त्या फाइलींवरची कुलुपे, अर्धवट राहिलेली जोडणी हे सगळे ऑपरेटिंग सिस्टिम परत घेते. प्रोग्रॅमर काही सोडायचे विसरला तरी फरक पडत नाही. स्क्रिप्ट कोसळली तर एका माणसाची एक विनंती बिघडते, शेजारच्याला त्याची झळ लागत नाही. नवी आवृत्ती बसवायची तर फाइल बदलली की झाले. काही बंद करून पुन्हा सुरू करावे लागत नाही. स्क्रिप्ट कोणत्याही भाषेत लिहिता येते. २००४ साली आरएफसी ३८७५ मध्ये सर्व्हर आणि स्क्रिप्ट यांच्यातला सीजीआयचा करार नोंदवला गेला आणि तेव्हापासून तो बदललेला नाही.

शिवाय हळूपणाचा दोष सीजीआयच्या माथी मारणेही बरोबर नाही. नवी प्रोसेस उभी करणे लिनक्सला फारसे जड जात नाही. सी भाषेतला छोटा कंपाइल केलेला प्रोग्रॅम एखाद-दोन मिलिसेकंदांत सुरू होऊ शकतो. एसक्यूलाइटची अधिकृत साइट अल्टएचटीटीपीडी नावाच्या छोट्या सर्व्हरवर चालते. तो प्रत्येक जोडणीसाठी वेगळी प्रोसेस उभी करतो, आणि जगभरच्या प्रोग्रॅमरांची वर्दळ असलेली ती साइट त्या पद्धतीवर वर्षानुवर्षे नीट चालते आहे. जड असते ते इंटरप्रिटरचे आणि मॉड्यूलांचे ओझे. आणि तेही किती वेळा उचलावे लागते? एखाद्या संस्थेच्या आतल्या वापराची स्क्रिप्ट दिवसातून दोनशे वेळा चालत असेल आणि दर वेळी ०.३ सेकंद सुरुवातीत जात असतील, तर दिवसाकाठी मिनिटभराचा संगणक-वेळ वाया गेला. तो वाचवण्यासाठी चोवीस तास मेमरी अडवून बसणारी प्रोसेस उभी करणे, तिच्यावर लक्ष ठेवणे, ती पडली तर उठवणे, हा व्यवहार तोट्याचा आहे.

पुरस्कर्ता : दिवसाची सरासरी इथे फसवते. विनंत्या समान अंतराने येत नाहीत, त्या लोंढ्याने येतात. दहावीचा निकाल जाहीर होतो त्या दुपारी काय होते ते महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. लहान प्रमाणावर तेच प्रवेश-अर्जाच्या शेवटच्या रात्री होते आणि तिकीटविक्री उघडल्याच्या पहिल्या दहा मिनिटांतही होते. गणित करून पाहावे. समजा, सेकंदाला २० विनंत्या येतात आणि प्रत्येकीच्या सुरुवातीला ०.३ सेकंद प्रोसेसरचा वेळ लागतो. म्हणजे दर सेकंदाला ६ सेकंदांचे काम साचते. सर्व्हरला प्रोसेसरचे दोन गाभे असतील तर ते सेकंदाला फार तर २ सेकंदांचे काम उपसतील. रांग वाढतच जाते, अर्धवट प्रोसेसांनी मेमरी भरते, मग डिस्कवर स्वॅपिंग सुरू होते आणि सर्व्हर बसतो. प्रोसेस आधीच उभी असेल आणि प्रत्यक्ष काम ०.०५ सेकंदांचे असेल, तर तोच लोंढा सेकंदाला १ सेकंदाच्या कामात निभावतो. इथे पान थोडे लवकर दिसण्याचा प्रश्नच नाही. सेवा चालू राहते की बंद पडते, एवढा मोठा फरक आहे.

म्हणून १९९६ साली एकाच प्रश्नावर दोन वेगळी उत्तरे आली. डग मॅकइचर्न यांच्या मॉड-पर्लने पर्लचा इंटरप्रिटर थेट अपाचे सर्व्हरच्या पोटात बसवला. ओपन मार्केट या कंपनीच्या फास्टसीजीआयने स्क्रिप्टची प्रोसेस सर्व्हरच्या बाहेरच ठेवली, पण तिला मरू दिले नाही. सर्व्हर आणि ती सॉकेटवरून बोलू लागले. पुढे आलेली बहुतेक साधने या दोहोंपैकी एका घराण्यातली आहेत.

साशंक : पहिल्या घराण्याचा इतिहास नीट वाचला तर तो इशाराच वाटतो. अपाचे जुन्या पद्धतीत अनेक बाल-प्रोसेस उभ्या ठेवतो आणि प्रत्येक प्रोसेस एका वेळी एक विनंती सांभाळते. मॉड-पर्ल बसवले की प्रत्येक बाल-प्रोसेस सगळा इंटरप्रिटर आणि सगळी मॉड्यूल अंगावर घेऊन फिरते, मग तिला पाठवायचे असो एखादे चिमुकले चित्र. हे ओझे परवडेना म्हणून पुढे एक हलका सर्व्हर उभा करून चित्रे त्याच्याकडे आणि स्क्रिप्ट मागच्या जड अपाचेकडे, अशी वाटणी करावी लागली. दुसरी अडचण हक्कांची. सीजीआय स्क्रिप्ट अपाचेच्या सू-एक्झेक सोयीने प्रत्येक ग्राहकाच्या स्वतंत्र खात्याखाली चालवता येते. मॉड-पर्लमध्ये सर्वांच्या स्क्रिप्ट एकाच अपाचेच्या खात्याखाली, एकाच इंटरप्रिटरमध्ये नांदतात. सामायिक होस्टिंगवर हे चालण्यासारखे नव्हते.

पण सर्वांत खोल अडचण स्मृतीची आहे. जुन्या सीजीआय स्क्रिप्ट आहेत तशा चालाव्यात म्हणून मॉड-पर्लने रजिस्ट्री नावाची सोय दिली. ती सबंध स्क्रिप्टला एका सबरुटीनमध्ये गुंडाळते आणि दर विनंतीला ते सबरुटीन हाकते. त्यामुळे स्क्रिप्टमधली मूळ सबरुटीने आता दुसऱ्या सबरुटीनच्या आत जाऊन बसतात, आणि पर्लच्या नियमांनुसार आतले सबरुटीन बाहेरच्या स्थानिक व्हेरिएबलची पहिल्या फेरीतली प्रतच धरून ठेवते. पहिल्या विनंतीत ज्या वापरकर्त्याचे नाव आले, ते आतल्या सबरुटीनला दुसऱ्या, तिसऱ्या, शंभराव्या विनंतीतही दिसत राहते. पर्ल त्याबद्दल ताकीद देते, पण ती एरर लॉगमध्ये पडून राहते. त्यातून हा बिघाड कधी दिसतो, कधी दिसत नाही, कारण पान पुन्हा मागवले की विनंती दुसऱ्याच बाल-प्रोसेसकडे जाते. प्रोग्रॅमरच्या स्वतःच्या संगणकावर सगळे सुरळीत आणि लोकांना मात्र एकमेकांची नावे दिसतात, असे हे दुखणे आहे. अपाचे एकाच प्रोसेसमध्ये चालवून तपासल्याशिवाय ते हाती लागत नाही.

पुरस्कर्ता : या दुखण्यावरचे उपाय त्याच काळात सर्वांना माहीत झाले होते. स्क्रिप्टमध्ये तर्क ठेवू नये, तो मॉड्यूलमध्ये हलवावा. लागणारी माहिती सबरुटीनला हाताने द्यावी. स्ट्रिक्ट आणि वॉर्निंग्ज चालू ठेवून लॉग वाचावा. मूळ चूक प्रोग्रॅममध्येच होती. सीजीआयने ती झाकून ठेवली होती, एवढेच. आणि ओझ्याची व हक्कांची अडचण दुसऱ्या घराण्याने सोडवली. फास्टसीजीआयमध्ये सर्व्हर आणि स्क्रिप्ट आठ बाइटच्या ठरावीक हेडरने सुरू होणाऱ्या छोट्या नोंदींतून बोलतात. स्क्रिप्टची प्रोसेस वेगळ्या खात्याखाली चालू शकते, वेगळ्या यंत्रावरही चालू शकते, आणि ती कोसळली तरी वेब सर्व्हर उभा राहतो. एकाच जोडणीवरून अनेक विनंत्या गुंफून पाठवण्याचीही तरतूद त्या करारात होती. ती फारशी वापरात आली नाही, पण बाकीचा करार इतका भक्कम होता की इगोर सिसोएव्ह यांनी २००४ साली एनजिनएक्स प्रसिद्ध केला तेव्हा साध्या सीजीआयला जागा दिलीच नाही. बाहेरची स्क्रिप्ट चालवायची तर फास्टसीजीआयसारख्या मार्गानेच.

ज्यांच्या हाती सर्व्हरचा कारभार नव्हता त्यांच्यासाठीही मार्ग होता. स्पीडीसीजीआय, ज्याचे पुढे पर्सिस्टंटपर्ल असेही नाव झाले, ते वापरायला स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत पर्लच्या जागी स्पीडीचा मार्ग लिहिला की पुरे. पहिल्या विनंतीला पर्लची प्रोसेस उभी राही, काम झाल्यावर ती मागे थांबे, आणि पुढच्या विनंतीला एक हलका सी प्रोग्रॅम तिला गाठून तिच्याकडून उत्तर घेई. किती फेऱ्यांनंतर किंवा किती वेळ रिकामे बसल्यावर तिने आपणहून संपायचे, हेही ठरवता येई. वेग हवा पण अपाचेला हात लावायचा अधिकार नाही, अशा माणसाला इतका सोपा पर्याय क्वचितच मिळाला असेल.

साशंक : तो पर्याय सोपा होता, हे खरे. त्याची आवृत्ती २००३ नंतर पुढे सरकली नाही, हेही खरे. साधन निवडताना वेगाचे आलेख पाहिले जातात. ते सांभाळणारे हात किती आहेत, हे कोणी पाहत नाही. पायथनच्या जगात पुष्कळ वर्षे भरवशाचे मानलेले यूडब्ल्यूएसजीआय २०२२ पासून केवळ देखभालीवर आहे. सीजीआयचा करार मात्र एका माणसाच्या उत्साहावर अवलंबून नाही.

आता चूक मुळात प्रोग्रॅममध्ये होती, या युक्तिवादाकडे येऊ. तो तर्काला धरून आहे, पण व्यवहारात उलटा पडतो. माणसे चुका करणारच, हे गृहीत धरून ज्या रचनेत चूक निरुपद्रवी होते ती रचना अधिक चांगली. अननुभवी माणसेच अशा चुका करतात असेही नाही. २० मार्च २०२३ रोजी चॅटजीपीटी वापरणाऱ्या काहींना दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षके दिसू लागली. कारण रेडिस या माहिती साठवणाऱ्या सर्व्हरशी बोलणाऱ्या एका पायथन लायब्ररीत होते. उघड्या जोडण्या साठवून पुनःपुन्हा वापरल्या जात होत्या. एखादी विनंती नेमक्या क्षणी रद्द झाली, म्हणजे प्रश्न पाठवून झाला पण उत्तर वाचायचे राहिले, तर ते उत्तर जोडणीत तसेच पडून राही आणि पुढच्या परक्या विनंतीच्या हाती जाई. यात कोणाचे ग्लोबल व्हेरिएबल नव्हते, कोणी लॉग वाचायचा आळस केलेला नव्हता. जोडणी जिवंत होती आणि तिच्यात मागचे काही उरले होते, इतकेच पुरेसे ठरले.

पुरस्कर्ता : सीजीआयच्या स्वच्छतेलाही डाग आहेत. २०१४ सालचा शेलशॉक आठवावा. बाहेरून आलेले हेडर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवायचे, ही सीजीआयची मूळ रीत. बॅश शेल ती व्हेरिएबल वाचताना त्यांतला कोड चालवून टाकत असे, त्यामुळे नुसत्या हेडरमधून सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता येऊ लागली. दर विनंतीला नवी प्रोसेस हा त्यावर बचाव ठरला नाही.

तरीही तुमच्या उदाहरणातून एक उपयोगी गोष्ट निघते. टिकवायच्या गोष्टी तीन आहेत आणि त्यांना एकाच मापाने मोजणे चुकीचे आहे. पहिली, कंपाइल झालेला कोड: तो सर्व विनंत्यांना सारखाच असतो, तो टिकवण्यात जोखीम जवळपास नाही. दुसरी, एका विनंतीची माहिती: ती उत्तर गेल्यावर टिकता कामा नये. तिसरी, जोडण्या: त्यांच्याविषयी वाद आहे. पीएचपीने यातला पहिला आणि दुसरा प्रश्न फार शहाणपणाने सोडवला. जुलै २०१० मध्ये ५.३.३ या आवृत्तीबरोबर एफपीएम पीएचपीत आले, २०१३ साली ५.५ बरोबर ऑपकॅश आले. एफपीएम फास्टसीजीआयच्या मार्गाने प्रोसेस जिवंत ठेवते, ऑपकॅश कंपाइल झालेला कोड सामायिक मेमरीत ठेवते, आणि प्रत्येक विनंतीच्या शेवटी पीएचपी स्वतःहून सगळी व्हेरिएबल पुसून टाकते. इंटरप्रिटर उभा, कोड तयार, स्मृती कोरी. सीजीआयची निर्धास्तता आणि टिकाऊ प्रोसेसचा वेग यांचा इतका चांगला मेळ दुसऱ्या कोणत्या भाषेच्या मुख्य साधनात सापडणार नाही. वेबवर पीएचपी इतकी पसरली त्यात या रचनेचा वाटा मोठा आहे.

साशंक : हा मेळ टिकला असता तर वाद इथेच मिटला असता. पण पीएचपीच्याच लोकांना तो अपुरा वाटू लागला. आजचे मोठे फ्रेमवर्क दर विनंतीला कॉन्फिगरेशन वाचते, शेकडो क्लास जोडते, सेवांचे जाळे विणते आणि मग मूळ कामाला लागते. कोड तयार असला तरी ही जुळवाजुळव प्रत्येक वेळी होतेच, कारण ती विनंतीच्या स्मृतीत मोडते आणि स्मृती पुसली जाते. म्हणून २०१९ साली ७.४ मध्ये प्रीलोडिंग आले. स्वूल, रोडरनर आणि पुढे फ्रँकेनपीएचपीचा वर्कर प्रकार यांनी तर सगळे अॅप्लिकेशनच मेमरीत उभे ठेवले. आणि त्यांच्या वापराच्या सूचना वाचल्या तर मॉड-पर्लचे जुने इशारे पुन्हा भेटतात: स्टॅटिक व्हेरिएबल सांभाळा, मागच्या वापरकर्त्याची माहिती सेवांच्या ऑब्जेक्टमध्ये उरू देऊ नका, मेमरी वाढते का पाहा. कोड आणि माहिती यांच्यातली तुमची सीमारेषा कागदावर स्वच्छ दिसते. प्रत्यक्षात जुळवून ठेवलेली सेवा ही कोड आहे की माहिती, हे सांगता येत नाही.

मेमरीचेही पाहा. जवळपास प्रत्येक टिकाऊ साधनात अमुक विनंत्यांनंतर वर्कर मारून नवा उभा करण्याची सोय असते. एफपीएममध्ये आहे, पायथनच्या गनिकॉर्नमध्ये आहे, आणि गनिकॉर्नमध्ये तर सगळे वर्कर एकाच क्षणी मरू नयेत म्हणून त्या आकड्यात थोडा यदृच्छ फरक टाकण्याचीही सोय आहे. म्हणजे प्रोसेस मरू देणे हाच सफाईचा खात्रीचा मार्ग आहे, हे या साधनांनी आपल्या रचनेतच मान्य केले आहे.

पुरस्कर्ता : मान्य केले आहे आणि त्याची किंमतही कमी करून दाखवली आहे. सुरुवातीचे ०.३ सेकंद हजार विनंत्यांत वाटले तर एकीच्या वाट्याला ०.३ मिलिसेकंद येतात. शिवाय नवा वर्कर उभा करणे म्हणजे सगळे पहिल्यापासून नव्हे. मुख्य प्रोसेसने कोड आधीच वाचून ठेवला असेल तर फोर्क केल्यावर मूल आणि पालक मेमरीची तीच पाने वापरतात. ज्या पानावर कोणी लिहील त्याचीच वेगळी प्रत होते. पायथनमध्ये संदर्भ मोजण्याच्या आणि कचरा गोळा करण्याच्या पद्धतीमुळे नुसते वाचतानाही पानांवर लिहिले जाते आणि हा फायदा निसटतो. इन्स्टाग्रामच्या अभियंत्यांनी २०१७ साली त्यासाठी कचरा-संकलन बंदच करून पाहिले, आणि पायथन ३.७ मध्ये फोर्कपूर्वीचे ऑब्जेक्ट संकलनातून बाजूला गोठवण्याची सोय आली. चुका होतात, त्या समजतात आणि भाषेतच त्यांवर उपाय केला जातो, असा हा क्रम आहे.

निवडीच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट करारांची. पायथनमध्ये २००३ साली डब्ल्यूएसजीआय आले, रुबीत २००७ साली रॅक, आणि पर्लमध्ये २००९ साली तात्सुहिको मियागावा यांचे पीएसजीआय व त्याबरोबरचे प्लॅक. या तिन्हींचे सार एकच: अॅप्लिकेशन म्हणजे एक फंक्शन, विनंतीची माहिती घेणारे आणि उत्तर परत देणारे. ते कोण हाकतो याच्याशी त्याला देणेघेणे नाही. प्लॅकवर लिहिलेले अॅप्लिकेशन साध्या सीजीआयवर चालते, फास्टसीजीआयवर चालते, मॉड-पर्लमध्ये चालते आणि स्टारमनसारख्या स्वतंत्र सर्व्हरवरही. तेव्हा कोणते साधन, याआधी कोणता करार, हे ठरवावे. करार नीट पाळला तर साधन नंतर बदलता येते आणि आजची चूक कायमची राहत नाही. उलट मॉड-पर्लच्या खास सोयींना बिलगून लिहिलेला कोड तिथेच अडकतो.

साशंक : करारांचे मोल निर्विवाद आहे. पण त्यांच्या पोटातही हाच प्रश्न दडलेला आहे. डब्ल्यूएसजीआयमध्ये विनंतीच्या माहितीबरोबर काही खुणा येतात: हे अॅप्लिकेशन अनेक थ्रेडमध्ये चालते आहे का, अनेक प्रोसेसमध्ये चालते आहे का, आणि ही प्रोसेस एकदाच चालून संपणार आहे का. पीएसजीआयमध्येही तशाच खुणा आहेत. ज्यांनी करार लिहिले त्यांना ठाऊक होते, की तेच फंक्शन एका साधनाखाली निर्धोक आणि दुसऱ्याखाली घातक ठरू शकते. त्या खुणा वाचून वागणारी अॅप्लिकेशने मात्र विरळा. त्यामुळे साधन बदलता येते हे अर्धेच खरे. सीजीआयवरून टिकाऊ साधनाकडे जाताना प्रोग्रॅम चालतो, तपासण्याही पास होतात. स्मृतीच्या चुका वर्दळ वाढल्यावर दिसतात. एकाच थ्रेडमध्ये अनेक विनंत्या आळीपाळीने पुढे सरकवणारी असिंक्रोनस साधने आली तेव्हा तर आत्ता कोणाचे काम चालू आहे, हेदेखील क्षणोक्षणी बदलू लागले. चॅटजीपीटीची मार्चमधली ती घटना याच प्रकारच्या साधनात घडली.

पुरस्कर्ता : मग निवडीची सुरुवात मोजमापापासून व्हावी, यावर तरी एकमत होईल. एका विनंतीच्या वेळाचे चार तुकडे करावेत: इंटरप्रिटर उभा राहण्याचा, कोड कंपाइल होण्याचा, जोडणी उघडण्याचा आणि कामाचा. पर्लमध्ये स्क्रिप्ट न चालवता नुसती तपासायला लावली तरी पहिल्या दोहोंचा बराच अंदाज येतो. जोडणी उघडून लगेच मिटवणारी चार ओळींची स्क्रिप्ट तिसरा तुकडा दाखवते. मग अपाचेबेंचसारख्या साधनाने एकाच वेळी दहा, वीस, पन्नास विनंत्या सोडून रांग कुठे फुगते ते पाहावे. चौथा तुकडाच दोन सेकंदांचा असेल तर कोणतेही टिकाऊ साधन उपयोगाचे नाही. क्वेरीला इंडेक्स हवा आहे. पहिले दोन मोठे असतील तर पीएचपीला ऑपकॅश आणि पर्ल-पायथनला पीएसजीआय किंवा डब्ल्यूएसजीआयखालचा फोर्क करणारा साधा सर्व्हर, एवढे पुरते. रोज न बदलणारी पाने तर आधीच बनवून फाइल म्हणून ठेवावीत. निकालासारखी एकदा ठरली की न बदलणारी माहिती दर वेळी स्क्रिप्टने घडवायची गरज नसते.

साशंक : तिसरा तुकडा मोठा निघाला तर?

पुरस्कर्ता : तिथे दोन्ही बाजू अडखळतात, हे मान्य करावे लागते. प्रत्येक वर्करने स्वतःची जोडणी धरून ठेवायची, हा सरळ मार्ग. पण पोस्टग्रेस जोडणीगणिक एक प्रोसेस उभी करतो आणि त्याची मूळ मर्यादा १०० जोडण्यांची असते. चार सर्व्हरांवर प्रत्येकी तीस वर्कर ठेवले की ती ओलांडली, मग त्यांतले बहुतेक रिकामे बसलेले का असेनात. मायएसक्यूएल ८ तास वापर न झालेली जोडणी स्वतःच तोडतो, आणि रात्रभर शांत असलेल्या साइटवर सकाळची पहिली विनंती तुटलेल्या जोडणीवर आदळते. त्याहून वाईट म्हणजे एखाद्या विनंतीने डेटाबेसचा व्यवहार (ट्रान्झॅक्शन) उघडून तो मिटवला नाही, तर पुढची विनंती नकळत त्याच व्यवहारात शिरते.

यावर पीजीबाउन्सरसारखा मध्यस्थ हा चांगला उपाय आहे. जोडण्या तो धरतो, स्क्रिप्ट त्याच्याकडून हवी तेव्हा घेते आणि व्यवहार संपताच परत करते. असा मध्यस्थ त्याच यंत्रावर असेल तर सीजीआय स्क्रिप्टलाही जोडणी स्वस्तात मिळते. म्हणजे तुमची दर वेळी मरणारी प्रोसेस आणि टिकणारी जोडणी एकत्र नांदू शकतात. टिकवण्याचे काम स्क्रिप्टकडून काढून डेटाबेसची भाषा जाणणाऱ्या स्वतंत्र प्रोग्रॅमकडे दिले, एवढाच बदल.

साशंक : आणि त्याबरोबर नवी अट आली. व्यवहारागणिक जोडणी बदलते, त्यामुळे सत्रापुरते केलेले बदल, तात्पुरती कोष्टके, सत्राशी बांधलेली कुलुपे यांचा भरवसा धरता येत नाही. स्क्रिप्ट पुसली गेली, पण जोडणी कोणाची आणि किती वेळ, हा हिशेब आता दोन प्रोग्रॅमांत विभागला. अॅमेझॉनने २०१४ साली लॅम्डा आणले तेव्हा सीजीआयच परतले असे वाटण्याजोगे होते: विनंतीपुरते फंक्शन, सर्व्हरची चिंता नाही. प्रत्यक्षात सुरुवातीचा वेळ वाचवण्यासाठी एकदा उभे केलेले वातावरण गोठवून पुढच्या विनंतीला पुन्हा वापरले जाते. जोडणी फंक्शनच्या बाहेर उघडावी म्हणजे ती पुन्हा मिळेल, असा सल्ला अॅमेझॉनच देते. वापरकर्त्याची माहिती मात्र तिथे ठेवू नये, असेही बजावते. पुढची विनंती त्याच वातावरणात येईल की नव्या, याची हमी नाही. सीजीआयमध्ये विसरण्याची खात्री होती, मॉड-पर्लमध्ये आठवण राहण्याची. इथे दोन्हींची नाही.

पुरस्कर्ता : ती खात्री भाषेने किंवा साधनाने द्यायला हवी, ही मागणी रास्त आहे. जावाच्या सर्व्हलेटने विनंती, सत्र आणि अॅप्लिकेशन अशी माहितीच्या आयुष्याला नावे फार पूर्वीच दिली होती.

साशंक : नावे दिली, पण सक्ती केली नाही. सर्व्हलेटचा एकच ऑब्जेक्ट अनेक थ्रेड एकाच वेळी वापरतात, आणि त्याच्या साध्या फील्डमध्ये वापरकर्त्याचे नाव ठेवले तर कंपायलर अडवत नाही. पीएचपी अडवण्याऐवजी पुसते, म्हणून ती सुरक्षित. पण पुसणे महाग पडू लागताच तिचेच लोक पुसणे टाळणारी साधने बनवतात. एखादे व्हेरिएबल विनंतीपेक्षा जास्त जगणार असेल तर प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच सांगेल, असे साधन पर्ल, पीएचपी, पायथन आणि रुबी यांच्या रोजच्या वापरात आज नाही. तोवर दहा माणसांच्या कार्यालयातली स्क्रिप्ट सीजीआयवर राहू द्यावी की न द्यावी?

पुरस्कर्ता : राहू द्यावी, पण ती पीएसजीआय किंवा डब्ल्यूएसजीआयच्या करारात लिहावी, म्हणजे वर्दळ वाढली तर हलवता येईल. पर्लने २०१५ साली ५.२२ मध्ये सीजीआय-डॉट-पीएम आपल्या मूळ संचातून काढले, पायथनने २०२४ साली ३.१३ मध्ये सीजीआय मॉड्यूल काढले. सीजीआयचा करार उभा आहे, पण त्यावर लिहिण्याची जुनी अवजारे एकेक करून बाजूला होत आहेत.

साशंक : आणि हलवण्यापूर्वी एकाच वर्करवर, दोन वेगवेगळ्या वापरकर्त्यांच्या विनंत्या मुद्दाम एकाआड एक सोडून पाहाव्यात. वेगाची चाचणी सगळे करतात. ही चाचणी वेगाइतकीच सक्तीची असावी. ती पास झाली तरी रद्द झालेल्या विनंत्यांचा आणि अर्ध्यावर सुटलेल्या जोडण्यांचा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर साधनागणिक वेगळे आहे.